वेगवान संगणकाचा सूर का तुटतो?

गावातील वृद्ध शाहिराचा पोवाडा, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातील गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. त्यासाठी आता मोठ्या स्टुडिओची गरज उरलेली नाही. एक बरा मायक्रोफोन, त्याचा आवाज संगणकात नेणारी एक छोटी पेटी आणि एक साधा संगणक एवढे साहित्य पुरते. या पेटीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. संगणकावर लिनक्स ही विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली आणि आर्डोर किंवा ऑडॅसिटी यांसारखा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम असला की तयारी झाली.

पण पुष्कळदा असे होते, की गाणे छान रंगते, सर्व जण घरी जातात आणि मग ध्वनिमुद्रण ऐकायला घ्यावे, तर मध्येच ‘टक्’ असा आवाज येतो. कोठे तबल्याचा एखादा बोल अर्धवट कापला गेलेला असतो, तर कोठे तानपुऱ्याच्या संथ नादात चीर पडलेली असते. संगणक तर नवा आणि वेगवान! मग सूर तुटला कसा?

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आधीच तयार असलेले गाणे वाजवताना खंड पडला, तर ते पुन्हा वाजवता येते. मूळ ध्वनी जागच्या जागी असतो. मुद्रण करताना खंड पडला, तर तेवढा ध्वनी कोठेच उरत नाही. शाळेतील गाणे पुन्हा म्हणता येईल. पण ऐंशी वर्षांच्या आजीला आठवलेली ओवी दुसऱ्या दिवशी तशीच आठवेल याची खात्री कोणी द्यावी? म्हणून हा दोष का होतो आणि तो कसा शोधायचा, हे मुद्रणाला बसण्यापूर्वीच जाणून घेतले पाहिजे.

ध्वनीचे आकडे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन या चढउतारांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. संगणकाला मात्र फक्त आकडे समजतात. म्हणून ऑडिओ इंटरफेस ठरावीक काळाने विजेचा दाब मोजतो आणि त्याचा आकडा संगणकाकडे पाठवतो. अशा प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात.

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. एखादे कंपन आकड्यांत बिनचूक पकडायचे, तर त्याच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरले. आज ध्वनिमुद्रणात ४८,००० नमुने हे प्रमाणही सर्रास वापरतात. मोजणीची लय सांभाळण्याचे काम इंटरफेसमधील क्वार्ट्‌झचा स्फटिक करतो. मनगटी घड्याळातही असाच स्फटिक असतो.

यांपैकी शे-सव्वाशे नमुने गहाळ झाले तर काय होईल? तानपुऱ्याच्या ध्वनीचा आलेख एका सलग, गोलाईदार रेषेसारखा असतो. मधला तुकडा काढून उरलेली दोन टोके एकमेकांना जोडली, तर त्या जागी रेषा एकदम उडी घेते. अशा आकस्मिक उडीत लहानमोठ्या सर्वच कंप्रता मिसळलेल्या असतात. म्हणून तेथे शांतता न जाणवता ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो.

न थांबणारा नळ

नमुना आला की लगेच संगणकाने तो उचलावा, अशी व्यवस्था केली, तर सेकंदाला ४८,००० वेळा हातातले काम टाकून धावावे लागेल. त्याऐवजी नमुने स्मृतीच्या एका राखीव जागेत साठू देतात. या जागेला बफर म्हणतात.

समजा, घरातील नळ बंद करता येत नाही आणि त्याखाली दोन हंडे आळीपाळीने लावायचे आहेत. एक हंडा भरला की घरातल्यांना हाक जाते. दुसरा हंडा भरेपर्यंत कोणीतरी येऊन पहिला हंडा रिकामा करून ठेवला पाहिजे. तो आधीच आला काय किंवा अगदी शेवटच्या क्षणी आला काय, पाणी सांडत नाही. पण क्षणभर जरी उशीर झाला, तरी पाणी सांडते, आणि सांडलेले पाणी पुन्हा हंड्यात भरता येत नाही.

आपल्या संगणकात नळ म्हणजे मायक्रोफोनकडून येणारे नमुने, हंडे म्हणजे बफरचे दोन भाग आणि हंडा उचलणारा माणूस म्हणजे प्रोसेसर. इंटरफेसकडून जी हाक येते तिला इंटरप्ट म्हणतात. मुद्रणात बफर भरून वाहिला, तर त्या घटनेला ओव्हररन म्हणतात. ध्वनी वाजवताना याच्या उलट होते. पुढचा हंडा भरून येण्याआधीच हातातला रिकामा होतो. त्याला अंडररन म्हणतात. लिनक्सवर संगीताचे काम करणारे लोक या दोन्हींना मिळून ‘एक्सरन’ असे सुटसुटीत नाव देतात.

वेग निराळा, वक्तशीरपणा निराळा

आता थोडे गणित करू. समजा, प्रत्येक हंड्यात १२८ नमुने मावतात. सेकंदाला ४८,००० नमुने येत असतील, तर एक हंडा भरायला १२८ भागिले ४८,००० सेकंद, म्हणजे सुमारे २.६७ मिलिसेकंद लागतात. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) म्हणजे सेकंदाला ३७५ हाका आल्या.

एवढ्या वेळात प्रोसेसरला काम उरकत नाही का? अवश्य उरकते. ज्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला ३ अब्ज पडतात, त्याचे २.६७ मिलिसेकंदांत ८० लाख ठोके पडतात. १२८ आकडे उचलून ठेवायला ते कितीतरी अधिक आहेत. बरे, इंटरफेसपासून संगणकापर्यंतची वाट अरुंद आहे असेही नाही. दोन मायक्रोफोनच्या ध्वनीचे सेकंदाला २,८८,००० बाइट होतात (४८,००० × २ × ३). यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीची वाट सेकंदाला ४८ कोटी बिट, म्हणजे ६ कोटी बाइट एवढ्या रुंदीची धरलेली असते.

मग उणीव कशाची आहे? वक्तशीरपणाची! एक विद्यार्थी नऊ दिवस शाळेत पाच मिनिटे लवकर येतो आणि दहाव्या दिवशी पंचेचाळीस मिनिटे उशिरा येतो. सरासरी काढली, तर तो अगदी वेळेवर येणारा ठरेल. पण दहाव्या दिवशी परीक्षा असली तर? ध्वनिमुद्रणात प्रत्येक हाक ही परीक्षाच असते. एका तासात अशा १३,५०,००० हाका येतात. संगणकाने दर दहा हजार हाकांपैकी ९,९९९ हाकांना वेळेवर ‘ओ’ दिली, तरी तासाभरात १३५ वेळा सूर तुटेल. एवढे गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण डोक्यावर घेतो. ध्वनिमुद्रणात मात्र तो नापास होतो.

उशीर कोठे होतो?

लिनक्सचा आरंभ १९९१ साली झाला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने तो केला. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असता कोणाला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, हे कर्नल ठरवतो. सर्वांना न्याय्य वाटा मिळावा आणि एकूण काम अधिकात अधिक व्हावे, हा त्याचा सर्वसाधारण बाणा. पत्र लिहिताना किंवा चित्र पाहताना वीस मिलिसेकंदांचा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. ध्वनीला मात्र तो चालत नाही.

उशीर होण्याची नेहमीची कारणे अशी आहेत:

पहिले कारण अग्रक्रमाचे. मुद्रणाचा प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅमांच्याच रांगेत उभा असला, तर त्याची पाळी येईपर्यंत हंडा वाहू लागतो. लिनक्समध्ये तातडीच्या कामांसाठी १ ते ९९ अशा वेगळ्या अग्रक्रमांची सोय आहे. पण एखादा बिघडलेला प्रोग्रॅम सर्वांत पुढे घुसून बसला, तर सगळा संगणकच अडून बसेल. म्हणून ही सवलत कोणालाही सरसकट मिळत नाही; ती मागून घ्यावी लागते. अनेक लिनक्स संचांत त्यासाठी आपले नाव ‘ऑडिओ’ नावाच्या गटात घालावे लागते.

दुसरे कारण काटकसरीचे. काम कमी असले की प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी आपली गती उतरवतो, किंवा चक्क डुलकी घेतो. हाक आल्यावर जागे होऊन पूर्ण गतीला येण्यात थोडा वेळ जातो. म्हणून कधीकधी असे विचित्र दृश्य दिसते, की संगणक अगदी मोकळा आहे, आणि तरीही सूर तुटतो आहे!

तिसरे कारण शेजाऱ्यांचे. वायफाय, चित्रपडदा सांभाळणारे कार्ड, यूएसबीवरील इतर उपकरणे यांच्याही हाका चालू असतात. त्यांपैकी एखाद्याने प्रोसेसरला फार वेळ गुंतवून ठेवले, तर ध्वनीची हाक तशीच राहते. एकाच यूएसबी हबला इंटरफेस, पेनड्राइव्ह आणि कॅमेरा लावणे हे तर भांडणाला आमंत्रणच.

चौथे कारण साठवणुकीचे. स्मृती अपुरी पडली की कर्नल तीतील काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ही ये-जा मिलिसेकंदांच्या हिशेबात फार लांबची यात्रा आहे. त्याचप्रमाणे जवळजवळ भरलेल्या डिस्कवर किंवा संथ पेनड्राइव्हवर थेट मुद्रण केले, तर हंडे रिकामे करायला जागाच वेळेवर मिळत नाही.

पाचवे कारण दोन घड्याळांचे. हे सर्वांत फसवे. समजा, मुद्रण एका इंटरफेसमधून चालू आहे आणि ऐकणे संगणकाच्या आतील दुसऱ्या कार्डावर. दोघांचे स्फटिक वेगळे. एकाचे नमुने सेकंदाला ४८,००० असतील आणि दुसऱ्याचे ४८,००२, तर सेकंदाला दोन नमुन्यांचा फरक पडतो. दोन्ही घड्याळांचा मेळ घालणारी व्यवस्था नसली, तर ६४ सेकंदांत १२८ नमुन्यांची तफावत साचते. म्हणजे अख्खा हंडा कमी किंवा जास्त! असा खंड साधारण सारख्या अंतराने पडत राहतो. येथे प्रोसेसर कितीही वेगवान आणला, तरी उपयोग नाही.

किल्ली कोणाकडे?

अग्रक्रम दिला म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे वाटेल. पण त्यातही एक गंमत आहे. समजा, मुख्याध्यापकांना प्रयोगशाळेत जायचे आहे आणि किल्ली शिपाईकाकांकडे आहे. वाटेत एका शिक्षकांनी शिपाईकाकांना दुसऱ्या कामाला जुंपले. मुख्याध्यापकांचा मान सर्वांत मोठा. पण किल्ली नाही म्हणून ते दाराशी ताटकळत उभे!

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर या अमेरिकन यानात हेच घडले. यानाचा संगणक मधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या कामाकडे सामाईक साधनाची ‘किल्ली’ होती. मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबत होते. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरूनच उपाय पाठवला: ज्याच्याकडे किल्ली असेल, त्याला ती देईपर्यंत वाट पाहणाऱ्याचाच अग्रक्रम द्यायचा. म्हणजे, “शिपाईकाकांना आता कोणी अडवू नका, त्यांच्यासाठी मुख्याध्यापक थांबले आहेत,” असे सर्वांना बजावायचे. त्या यानात लिनक्स नव्हते. पण दुखणे तेच होते, आणि हेच औषध आज लिनक्समध्येही आहे.

लिनक्सला वक्तशीर बनवण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालले. ध्वनीची उपकरणे हाताळणारी अल्सा ही व्यवस्था २००३ साली आलेल्या २.६ या आवृत्तीबरोबर लिनक्सचा स्थिर भाग बनली. आर्डोरचे कर्ते पॉल डेव्हिस यांनी जॅक नावाची व्यवस्था उभारली. तिच्यामुळे अनेक प्रोग्रॅम एकाच तालात ध्वनीची देवाणघेवाण करू लागले. विम टेमन्स यांनी सुरू केलेल्या पाइपवायर या नव्या व्यवस्थेने आता अनेक लिनक्स संचांत हे काम हाती घेतले आहे. खुद्द कर्नलमध्ये, हातातले काम मध्येच थांबवून तातडीच्या कामाला वाट देण्याची पूर्ण सोय करायला इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे वीस वर्षे खर्ची घातली. ती सोय नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत मूळ लिनक्समध्ये सामील झाली. कारखान्यांतील यंत्रे चालवणाऱ्यांना जी गरज होती, तीच गायक-वादकांनाही होती.

दोष शोधण्याची रीत

आता प्रत्यक्ष दोष शोधू. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे आपणही आधी लक्षणे पाहावीत. जॅकच्या चालकात, तसेच आर्डोरमध्ये एक्सरनची संख्या दिसते. ‘टक्’ झाले आणि त्याच वेळी संख्या वाढली, तर संगणकाला उशीर झाला हे नक्की. संख्या वाढलीच नाही, तर आधी मायक्रोफोनची तार आणि तिची टोके तपासा. सैल तारही असाच आवाज करते. मोठ्या स्वरांवरच आवाज फाटत असेल, तर तो खंड नव्हेच. ध्वनीची पातळी मर्यादेबाहेर गेली आहे. ती कमी करा.

एक्सरनच होत असतील, तर पहिला उपाय म्हणजे हंडा मोठा घेणे. १२८ ऐवजी १,०२४ नमुन्यांचा बफर ठेवला, तर २.६७ ऐवजी २१.३ मिलिसेकंदांची सवड मिळते. मग लहान बफर कोणी ठेवतोच कशाला? कारण मोठा हंडा भरायला वेळ लागतो आणि तेवढा ध्वनी उशिरा पुढे जातो. २१.३ मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून सुमारे ७.३ मीटर जातो. गायिका स्वतःचा आवाज संगणकामार्फत कानात ऐकत असेल, तर तिला तो निदान तेवढ्या अंतरावरून आल्यासारखा वाटतो आणि ताल सांभाळणे अवघड जाते. मात्र ओव्या किंवा पोवाडा नुसता मुद्रित करायचा असेल, तर या विलंबाने काहीच बिघडत नाही. अनेक इंटरफेसांवर आपला आवाज संगणकाला वगळून सरळ ऐकण्याचीही सोय असते. तेव्हा अशा कामाला मोठाच बफर घ्यावा.

एवढ्याने भागले नाही, तर पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. प्रोग्रॅमला तातडीचा अग्रक्रम मिळाला आहे का ते पाहावे. वीज वाचवण्याची योजना बदलून प्रोसेसर पूर्ण गतीवर ठेवावा आणि लॅपटॉप असल्यास तो विजेच्या जोडणीवर चालवावा. वायफाय बंद करावे. इंटरफेस हबला न लावता संगणकाच्या स्वतंत्र खाचेत लावावा. नको असलेले प्रोग्रॅम बंद करावेत. मुद्रण आतल्या डिस्कवर करावे आणि तिच्यावर भरपूर जागा ठेवावी. ऐकण्यासाठी आणि मुद्रणासाठी एकच इंटरफेस वापरावा.

पण हे सर्व उपाय एकदम करू नका. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशामुळे गेला हे कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे.

करून पाहा

एखाद्या मोबाइलवर तानपुरा किंवा एकसुरी आवाज लावा आणि तो संगणकावर अर्धा तास मुद्रित करा. वहीत चार रकाने आखा: बफरचा आकार, बदललेली गोष्ट, एक्सरनची संख्या आणि ते कोणत्या मिनिटाला झाले. चौथा रकाना विसरू नका. खंड सारख्या अंतराने पडत असतील, तर दोन घड्याळांचा किंवा ठरावीक वेळाने जागा होणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा संशय घ्या. खिडकी हलवताना किंवा पेनड्राइव्ह लावताना पडत असतील, तर शेजाऱ्याला गाठा.

दहा मिनिटांत एकही खंड पडला नाही, म्हणून घाईने आनंदू नका. सरासरी वीस मिनिटांतून एकदा पडणारा खंड दहा मिनिटांच्या चाचणीत दिसणार नाही, असे सहज घडू शकते. जेवढा वेळ खरे मुद्रण चालणार असेल, निदान तेवढा वेळ तरी चाचणी घ्यावी. आणि ज्या दिवशी आजीला जात्यावर बसवायचे, त्या दिवशी संगणकाबरोबर मोबाइलवरही मुद्रण चालू ठेवावे. एक हंडा सांडला, तरी दुसरीकडे पाणी असेल.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि बफर २५६ नमुन्यांचा ठेवला, तर प्रोसेसरला किती मिलिसेकंदांची सवड मिळेल, आणि एका तासात त्याला किती हाका येतील? उत्तर काढून वहीत लिहा आणि प्रयोगाला लागा.